सोमवारचं पुरळ

वार ओळखणारं पुरळ तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय, सलग चार सोमवार. माझ्या धाकट्या भावाच्या, अवधूतच्या कमरेवर ते उठायचं. मंगळवारी नाही, गुरुवारी नाही, बरोब्बर सोमवारी. आधी लाल चट्टा, मग खाज, मग मोहरीएवढे पाण्याचे फोड. शनिवारपर्यंत ते सुकत यायचं. रविवारी आम्ही म्हणायचो, सुटलो बुवा एकदाचे! आणि सोमवारी दुपारी साहेब पुन्हा हजर.

मी कस्तुरी, वय वर्षं बारा. माझं तोंड म्हणजे बंद न होणारा नळ आहे, असं आमच्या घरी सगळे म्हणतात. म्हणू देत. पण ही भानगड नेमकी मी तोंड बंद ठेवल्यामुळे चिघळली, म्हणून ती मीच सांगितली पाहिजे.

अवधूत आठ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला एक विचित्र ताप आला. ताप गेला, पण जाताना पायांतली ताकद घेऊन गेला. त्याचे मज्जातंतू (मेंदूचे निरोप स्नायूंपर्यंत पोचवणारे धागे) दुखावले होते. तेव्हापासून तो चाकांच्या खुर्चीत होता. मग वाशीमच्या बाहेर, सौरशेतांच्या पलीकडे उभारी केंद्र सुरू झालं आणि तिथे आम्हाला टेकू भेटला.

टेकू म्हणजे अंगात घालायचा यंत्रमानव. कमरेला रुंद पट्टा, मांड्यांना आणि पोटऱ्यांना मऊ पट्ट्या, सांध्यांपाशी चार छोट्या मोटारी. अवधूतने पाय उचलायचं मनात आणलं की त्याच्या स्नायूंतली बारीकशी थरथर टेकूला कळायची आणि कमी पडेल तेवढा जोर तो लावायचा. शिवाय बोलायचाही. "अवधूत, आज चाळीस टक्के तू चाललास आणि साठ टक्के मी," असा हिशेब रोज ऐकवायचा. दर आठवड्याला टेकूचा वाटा कमी होत होता. सहा महिने पुरे झाले की तो शून्यावर येणार होता आणि अवधूत स्वतःच्या पायांवर चालणार होता. अट एकच होती, मध्ये दोन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडता कामा नये. पडला तर पाय पुन्हा आखडणार, आणि मग सगळं पहिल्यापासून. तेही जमेल की नाही, कुणी सांगायला तयार नव्हतं.

चौथ्या सोमवारी केंद्राच्या प्रमुख गावंडे मॅडमनी आम्हाला खोलीत बोलावून घेतलं. आई-बाबांची सौरशेतात पाळी असते, त्यामुळे केंद्रात आमच्याबरोबर बेबीआत्या येते.

"बेबीताई, मुलाला टेकूच्या पट्ट्याची अ‍ॅलर्जी आहे," मॅडम म्हणाल्या. "रविवारी टेकू अंगावर नसतो, कातडी निवळते. सोमवारी घातला की पुरळ येतं. याहून काय स्पष्ट असायला हवं? पुढच्या सोमवारी बारा वाजता बैठक आहे. तोवर टेकू बंद. बैठकीत ठरलं तर तो दुसऱ्या मुलाला द्यावा लागेल. यादीत पोरं थांबलेली आहेत."

"अन् त्याचं तेल गळते त्याचं काय?" आत्या उसळली. "दर आठवड्याले पोराच्या बनियनवर काळे डाग! घासून घासून हात गेले माये, डाग काही निघत नाई."

"माझ्यात तेल नाही," अवधूतच्या कमरेवरून टेकू म्हणाला. "माझ्या मोटारी कोरड्या आहेत. पण पुरळ चार वेळा आलं आणि चारही वेळा मी हजर होतो. माझी शिफारस आहे की मला बंद करावं."

"ए, गप रे टेकू!" अवधूत ओरडला आणि ओरडता ओरडता रडायलाच लागला.

मला असा संताप आला म्हणून सांगू! स्वतःवर आळ घेणारा यंत्रमानव मी पहिल्यांदाच पाहत होते. पण त्याचं गणित खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. त्यांनी टेकूची बकलं सोडली, त्याला कोपऱ्यातल्या खुंटीला अडकवलं आणि अवधूत पुन्हा खुर्चीत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्वचेच्या डॉक्टर फरीदा शेख आल्या. पांढरे बारीक कापलेले केस, आणि आवाज असा की कोणीही बसल्या जागी ताठ व्हावं. गावंडे मॅडम त्यांना सगळं सांगू लागल्या, तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि आधी भिंगातून अवधूतची कमर पाहिली. खूप वेळ पाहिली.

"पित्ताच्या गांधी असतील," आत्या हळूच म्हणाली. "आमसुलाचं पाणी लावू का?"

"गांधी नाहीत या," डॉक्टर म्हणाल्या. "गांधी उठतात मिनिटांत आणि एका दिवसात मावळतात. हे फोड चार-पाच दिवस राहतात. दोन्हींचं कूळच वेगळं आहे."

त्यांनी भिंतीवरचा पडदा सुरू केला आणि अवधूतच्या कमरेवर एक चपटी काच धरली. तो त्वचादर्शक होता (कातडी न कापता आतलं दाखवणारं यंत्र). पडद्यावर गोल गोल ठिपके सरपटताना दिसायला लागले. अवधूत मान वळवून बघतच राहिला.

"आपल्या शरीरात पहारेकरी पेशी असतात," डॉक्टर सांगू लागल्या. "जंतू आले की त्या लढतात. पण कधीकधी त्यांची ओळखण्यात चूक होते. एखाद्या साध्या पदार्थालाच त्या शत्रू समजतात आणि हाणामारी सुरू करतात. ही अ‍ॅलर्जी. तिचे दोन मोठे प्रकार आहेत. एक घाईचा. त्यात काही पेशी हिस्टामिन (खाज आणि सूज आणणारं रसायन) भरलेल्या पुड्या घेऊन तयारच बसलेल्या असतात. शत्रू दिसला की पुडी फोडली! पाच-दहा मिनिटांत गांधी उठतात. त्यासाठी टोच-चाचणी करतात. संशयित पदार्थाचा थेंब हातावर ठेवून अगदी हलकं टोचायचं, पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळतं."

"मग ती करा ना लगेच!" मी म्हणाले.

"ती इथे उपयोगाची नाही. अवधूतचा प्रकार दुसरा आहे, सावकाशीचा. यात टी-पेशी (शत्रू लक्षात ठेवणाऱ्या पहारेकरी पेशी) काम करतात. एखादा पदार्थ पहिल्यांदा कातडीतून आत शिरतो तेव्हा काहीच होत नाही. पुरळ नाही, खाज नाही. पण आतल्या काही पेशी त्याचा कण उचलून काखेतल्या नाही तर जांघेतल्या गाठींपर्यंत नेतात. त्या गाठी म्हणजे शरीराच्या पोलीस चौक्या समज. तिथे टी-पेशींना तो कण दाखवला जातो आणि तो पकडायचं शिकवलं जातं. या शिकवणीला दहा-पंधरा दिवस लागतात. त्यानंतर तो पदार्थ पुन्हा लागला, की या शिकलेल्या पेशी त्या जागेकडे निघतात. पोचायला आणि गर्दी जमायला एक-दोन दिवस जातात. मग कातडी सुजते, फोड येतात."

"एक-दोन दिवस?" गावंडे मॅडमनी भुवया उंचावल्या.

"हो. म्हणून सोमवारच्या पुरळाचा गुन्हेगार सोमवारी शोधायचा नसतो. शनिवारी शोधायचा असतो." डॉक्टर टेकूकडे वळल्या. "आणि आणखी एक. हा पट्टा कमरेला दोन्ही बाजूंनी सारखाच लागतो ना? मग पुरळ फक्त डावीकडेच का?"

शनिवारी डावीकडे काय होतं, ते मला माहीत होतं.

सांगते. दीड महिन्यापूर्वी अवधूतने केंद्राच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर अकरा पावलं टाकली. त्याचा व्हिडिओ अख्ख्या जिल्ह्यात फिरला. अनोळखी माणसं रस्त्यात थांबवून त्याचे गाल ओढायची. दोनच दिवसांनी तो पडला आणि त्याची हनुवटी फुटली. आत्या म्हणाली, दृष्ट लागली पोराला. आणि तिने माझ्या हातात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक बिब्बा ठेवला.

बिब्बा म्हणजे काळी, चपटी, टणक बी. आमच्याकडे शनिवारी लिंबू-मिरचीबरोबर ओवून दारावर टांगतात. आत्याने वीस वर्षं बिब्बे फोडून आतली गोडंबी काढायचं काम केलंय. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की उततं, म्हणजे कातडी भाजल्यासारखी होते. तिच्या बोटांची टोकं अजून काळी आणि जाड आहेत. "पण हा वाळलेला हाय," ती म्हणाली होती, "वाळलेला बिब्बा उतत नाई." यातलं तिच्याहून जास्त कोणाला कळणार? टेकू चढवतात त्या खोलीत घरचं एकच माणूस जाऊ शकतं आणि ते माणूस मी होते. त्यामुळे दर शनिवारी जुना बिब्बा काढून नवा टेकूच्या कमरपट्ट्याच्या डाव्या खिशात, अगदी तळाशी मीच ठेवायचे.

डॉक्टरांनी माझ्या हातात कागद दिला. "तुझं अक्षर चांगलं असेल तर लिही. गेल्या दोन महिन्यांत याच्या कमरेला जे जे लागलं ते सगळं. साबण, पावडर, नाडा, इलास्टिक, काहीही."

मी बावीस गोष्टी लिहिल्या. तेविसावी लिहिली नाही.

का नाही लिहिली? भिंतीवर पाटी होती: 'टेकूला बाहेरची कोणतीही वस्तू बांधल्यास तो तात्काळ परत घेतला जाईल.' हे एक. आणि दुसरं खरं सांगू? गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात मी तालुक्यात पहिली आले होते. आणि मी यंत्रमानवाच्या खिशात बिब्बा ठेवते! हे सगळ्यांसमोर बोलायला माझी जीभच वळेना. वाळलेला बिब्बा उतत नाही, वाळलेला बिब्बा उतत नाही, असं मी मनातल्या मनात घोकत राहिले.

डॉक्टरांनी पट्टी-चाचणी लावली (संशयित पदार्थ अगदी सौम्य करून, लहान लहान कप्प्यांत घालून पाठीवर चिकटवायची तपासणी). अवधूतच्या पाठीवर बावीस कप्पे चिकटले. टेकूच्या पट्ट्याचं रबर, बकलाचा धातू, शिवणीचा गोंद, सगळे संशयित एका ओळीत.

"अठ्ठेचाळीस तास भिजवायचं नाही, घाम आणायचा नाही, खाजवायचं नाही," त्या म्हणाल्या. "गुरुवारी काढू."

"एवढा वेळ? तुमच्याकडे एवढी यंत्रं आहेत, एखादं लवकर सांगणारं नाही का?" मी विचारलं.

"आहेत की. पण या पेशींना घाई करायला लावणारं यंत्र अजून कोणी बनवलेलं नाही. त्या त्यांच्या चालीनेच येतात."

मंगळवार गेला, बुधवार गेला. टेकू नसल्यामुळे अवधूतचे पाय दिवसेंदिवस लाकडासारखे होत चालले. बुधवारी संध्याकाळी मी त्याचा गुडघा सरळ करायला गेले तर तो निम्म्यातच अडला. "दुखतंय का रे?" मी विचारलं. तो नाही म्हणाला, आणि खालचा ओठ इतका घट्ट चावला की तिथे दात उमटले.

गुरुवारी दहा वाजता डॉक्टरांनी पट्टी सोलली. आम्ही सगळे अवधूतच्या पाठीवर वाकलो. पाठ साफ होती. बावीसच्या बावीस जागा कोऱ्या.

"म्हणजे टेकू निर्दोष आहे!" अवधूतने टाळी वाजवली.

"अजून दोन दिवसांनी पुन्हा पाहावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण आज तरी टेकूविरुद्ध काही नाही."

गावंडे मॅडम मात्र खूश दिसल्या नाहीत. "डॉक्टर, मग पुरळ येतंय कशामुळे? कारण सापडलं नाही तर मी हा पट्टा पोराच्या अंगावर चढवू कशी? उद्या काही वाढलं तर? माफ करा, पण तुमची चाचणी वाया गेली. मला टेकू परतच घ्यावा लागेल."

"चाचणी वाया गेलेली नाही. मी बावीस प्रश्न विचारले, तिने बावीस उत्तरं दिली. जो पदार्थ मी लावलाच नाही त्याबद्दल ती काय सांगणार?" डॉक्टरांनी यादीचा कागद उचलला. "यात काहीतरी राहिलंय."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण माझे कान तापले. बोलले तर पाटीवरच्या नियमाने टेकू जाणार. नाही बोलले तर संशयाने जाणार. आणि अवधूत तिथे उघड्या पाठीने बसून, मान वळवून आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"बिब्बा," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मलाच कळेना. मग मी जोरात म्हणाले, "डाव्या खिशात बिब्बा आहे! दर शनिवारी मी ठेवते. दृष्ट लागू नये म्हणून. मीच ठेवते, आत्याला काही बोलू नका." आणि मग जे रडू फुटलं ते आवरेचना.

डॉक्टरांनी हातमोजे घातले, खुंटीवरच्या टेकूचा डावा खिसा उलटा केला. बिब्बा तिथेच होता. दोरा तेलाने माखून चिकट झाला होता आणि खिशाचं जाळीदार अस्तर भिजलं होतं.

"टेकू, सराव संपताना तुझी डावी मोटार किती तापते?" त्यांनी विचारलं.

"बेचाळीस अंशांपर्यंत," टेकू म्हणाला. "खिसा मोटारीला लागूनच आहे."

"दारावर टांगलेला बिब्बा असा तापत नाही," डॉक्टर आत्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या. "शिवाय तुम्ही ओवताना सुईने भोक पाडलंत. आतलं घट्ट तेल उबेने पातळ झालं आणि भोकातून बाहेर आलं, दर शनिवारी, नवा बिब्बा ठेवला की पहिल्याच सरावात."

आत्या मटकन खाली बसली. "तो बनियनवरचा डाग," ती पुटपुटली. "माय वं! वीस वर्षं बिब्बे फोडले मी. अन् बिब्ब्याचाच डाग मले वळखू आला नाई. मी त्या मशीनले शिव्या देत बसली."

"पण हे अजून सिद्ध झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी आपल्या पेटीतून एक छोटी कुपी काढली. "आणि एक गोष्ट नीट ऐका. कच्चा बिब्बा कोणाच्याही अंगाला लावून बघायचा नसतो. तो अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसाचीही कातडी भाजून काढतो. या कुपीत त्याच्यातलं रसायन इतकं सौम्य केलंय की साध्या माणसाला काही होऊ नये." त्यांनी एक कप्पा अवधूतच्या पाठीवर लावला आणि तसाच दुसरा आपल्या दंडावर. "मला काही झालं तर समजायचं, औषधच कडक होतं."

गावंडे मॅडम बराच वेळ पाटीकडे बघत उभ्या होत्या. "हेही मला सोमवारी बैठकीत सांगावं लागेल," एवढं म्हणून त्या बाहेर गेल्या.

आता वाट पाहायची. आणि या वेळी मला नक्की कशाची वाट बघायची तेही कळेना. चाचणीत काही आलं नाही तर टेकू संशयात, आलं तर मी नियम मोडलेली. वर अवधूत माझ्याशी बोलेना. ताटावर शेजारी बसायचा, पण पाणी हवं असलं तरी आत्याला सांगायचा. मी त्याच्यासमोर चार वेळा सॉरी म्हणाले. पाचव्यांदा म्हणाले तेव्हा तो म्हणाला, "टेकूला सांग." बस, एवढंच.

शनिवारी कप्पे काढले. अवधूतच्या पाठीवर फिकट गुलाबी टिकली होती. डॉक्टरांच्या दंडावरही जरासा लालसरपणा दिसत होता.

"दोघांनाही?" मी विचारलं.

"आज यावर काही बोलायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नुसत्या चिकटपट्टीनेही कातडी लाल होते. तो लालपणा दिवस गेले की विरतो. अ‍ॅलर्जीचं उलटं असतं. टी-पेशी अजून वाटेत असतात, त्यामुळे खूण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणखी वाढते. म्हणून दोनदा वाचायचं. घाईघाईने वाचणारे डॉक्टरही फसतात." जुन्या बावीस जागा त्यांनी पुन्हा तपासल्या. त्या कोऱ्याच होत्या.

रविवारी मी दर तासाला अवधूतचा सदरा वर करून पाहिलं. त्याने चिडून मला चिमटा काढला. निदान हात तरी लावला, म्हणून मला बरंच वाटलं.

सोमवारी दहा वाजता डॉक्टरांनी आधी आपली बाही वर केली. दंड स्वच्छ. मग अवधूतचा सदरा वर केला. गुलाबी टिकलीच्या जागी आता लालभडक, उंचवट्याचा गोल होता आणि त्यावर बारीक बारीक फोड, अगदी कमरेवरच्यासारखे. त्वचादर्शक धरला तर पडद्यावर ठिपक्यांची ही गर्दी!

"हे माझे आहेत?" अवधूतने विचारलं.

"तुझेच. शहाणे आहेत, पण माणूस चुकीचा पकडलाय त्यांनी."

"आणि ते हे विसरणार कधी?"

"आपणहून सहसा नाही विसरत. त्यामुळे बिब्ब्यापासून लांब राहायचं. काजूच्या टरफलाचं तेल आणि आंब्याच्या देठाचा चीक त्याच कुळातले, तेही अंगाला लागू द्यायचे नाहीत."

"आंबा बंद?" अवधूतचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"आंबा खा रे बाबा, धुऊन, सोलून, आत्याच्या हातून. आणि टी-पेशींना शिकलेलं विसरायला लावायचे प्रयोगही चालू आहेत. तू मोठा होईपर्यंत जमेल कदाचित. नाही जमलं, तर तू जमव."

बारा वाजता आम्ही बैठकीत गेलो. लांब टेबल, पाच माणसं, मध्ये गावंडे मॅडम. डॉक्टरांनी दोन्ही चाचण्या सांगितल्या. टेकू निर्दोष, बिब्बा दोषी. मग गावंडे मॅडमनी नियमाचा कागद पुढे ओढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पाटी वाचली होतीस?"

"रोज."

"मग मंगळवारीच का नाही सांगितलंस? चार सोमवार पोराने त्रास काढला, वर आणखी एक आठवडा गेला."

मी काहीतरी हुशारीचं उत्तर ठरवून गेले होते. ते तोंडातून निघालंच नाही. "तुम्ही हसाल म्हणून," मी म्हणाले. "टेकू जाईल याची भीती होतीच, पण आधी हसाल याची वाटली. मग नंतर सांगायचं म्हटलं तर आणखी लाज वाटली. टेकूला ठेवा. शिक्षा मला करा, हवं तर मी केंद्रात पाऊल ठेवणार नाही. तो दोन आठवडे थांबू शकत नाही हो, आज आठवा दिवस आहे!"

"माझंही एक चुकलंय," डॉक्टर फरीदा म्हणाल्या. "मी विचारलं साबण, पावडर, नाडा, इलास्टिक. दृष्टीसाठी काही बांधलंय का, अंगारा लावता का, ताईत आहे का, हे विचारलंच नाही. तीस वर्षं हे काम करतेय मी. लोक बांधतात हे मला माहीत नाही होय?"

टेबलाभोवतीची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"खिसा फाडून काढा," शेवटी त्या म्हणाल्या. "पट्टा नवीन लावा. टेकू अवधूतकडेच राहील." आणि मग माझ्याकडे बोट रोखून, "तू केंद्र सोडायचं नाहीस. दर सोमवारी यायचंस. नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलाची यादी तू लिहायचीस. बघू, तुला कोण काय सांगतं ते."

त्या दुपारी टेकू पुन्हा अवधूतच्या अंगावर चढला. "नमस्कार. आज पंचवीस टक्के तू, पंचाहत्तर टक्के मी," तो म्हणाला. पंधरा टक्के मागे गेलो होतो आम्ही. पहिल्या पावलाला अवधूत कळवळला. दुसऱ्याला त्याने हात पुढे केला, आणि तो माझ्यापुढे केला. आम्ही सात पावलं चाललो. त्याने माझा हात इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली, पण मी हूं की चूं केलं नाही.

त्या दिवसानंतर पुरळ आलं नाही. पावसाळ्याच्या शेवटी टेकू शून्यावर आला आणि अवधूत केंद्राच्या फाटकापासून आमच्या गाडीपर्यंत एकटा चालत गेला. वाटेत दोनदा थांबला, पण चालला. आत्या फाटकाला धरून रडत होती. टेकू यादीतल्या पुढच्या मुलीला गेला.

ती मुलगी तिच्या वडिलांबरोबर आली त्या सोमवारी मी कागद घेऊन समोर बसले होते. साबण विचारला, पावडर विचारली, नाडा, इलास्टिक, सगळं झालं. मग मी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "काका, आता असं काही सांगा, जे डॉक्टरांसमोर सांगायला लाज वाटते."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच मुलीच्या दंडावरची बाही वर सरकवली. तिथे काळ्या दोऱ्यात एक छोटी पुरचुंडी बांधलेली होती.

मी हसले नाही. ते काय आहे विचारलं, कधीपासून आहे विचारलं, आणि लिहून घेतलं.